पूजेला बसलेला पंप

टोमॅटोच्या शेंड्यावरचं सगळ्यात कोवळं पान पिवळं पडलं होतं. त्याच्या शिरा मात्र अजून हिरव्याच होत्या. बारीकात बारीक शीरही वेगळी मोजता यावी इतकी ती हिरवी रेषा स्वच्छ होती. खालची जुनी पानं धडधाकट होती. कुमुदिनीने ते पान न तोडता दोन बोटांत धरलं, उन्हाकडे वळवून पाहिलं आणि शेजारच्या रोपांचे शेंडेही तपासले. तिथेही तेच.

आधी खालची पानं पिवळी पडली असती तर तिने नत्राचा संशय घेतला असता. पण या वाफ्याला नत्राची ददात नव्हती. ते पुरवायला हौदात रोहू मासे होते.

"अहो," तिने हाक मारली, "तुमच्या कारखान्यात लोखंड कमी पडलंय."

विद्याधरराव विहिरीजवळच्या धुण्याच्या दगडावर बसून पाइपच्या तोंडाला कानस लावत होते. ते पेरांबूरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये चार्जमन होते आणि येत्या फेब्रुवारीत निवृत्त व्हायचे होते. "रेल्वेच्या माणसाच्या घरात लोखंड कमी?" असं म्हणत ते उठले आणि खोलीतून गंजलेल्या नट-बोल्टांनी भरलेला डबाच घेऊन आले. "बोल, किती टाकू?"

"एकही नको. पाण्यात लोखंड पडलं म्हणून झाडाला मिळत नाही. आपल्या विहिरीचं पाणी अल्कधर्मी आहे, सगळं गंजून तळाशी बसेल. हिराकस हवं, म्हणजे लोहाचा क्षार, लिंबाच्या रसात कालवून."

"लिंबू कशाला?"

"लिंबातलं आम्ल लोहाला धरून ठेवतं. गंजू देत नाही. मग मुळांना ते घेता येतं."

"म्हणजे ग्रीस."

कुमुदिनीने क्षणभर विचार केला. "अगदी तसं नाही. पण चालेल."

घरमालकीण राजसबाई विहिरीपलीकडे कढीलिंब तोडत होत्या. त्यांच्या घराण्याचं मराठी काही पिढ्यांपूर्वी तंजावरला येऊन राहिलेलं आणि मग कावेरीचं पाणी प्यायलेलं. "कां गे कुमुदिनी," त्या म्हणाल्या, "मीनांस पेज घालतेस, झाडांस सरबत पाजतेस. मज एक तुंबलर काप्पी द्यायची कोणास आठवत नाहीं. पावम मी, बिचारी!"

कॉफी झाली. हिराकसही झालं. पुढे आलेले शेंडे हिरवे निघाले आणि विद्याधररावांनी त्या जागेला कारखाना म्हणणं चालूच ठेवलं.

चेन्नईला तेव्हा सगळे मद्रासच म्हणत. मैलापूरच्या देवळाच्या तळ्यामागच्या एका गल्लीत राजसबाईंचं कौलारू घर होतं. पुढच्या भागात त्या एकट्या राहत, मागच्या तीन खोल्यांत कुमुदिनी आणि विद्याधरराव. परसात विहीर, नारळाची दोन झाडं, धुण्याचा दगड आणि बरीचशी मोकळी जमीन. बदली होऊन आले तेव्हा त्यांची मुलगी जयवंती कडेवर होती. आता ती कोइमतूरला इंजिनीअर होती आणि आईशी मराठीत सुरू केलेलं वाक्य तमिळमध्ये संपवत असे.

इतकी वर्षं राहूनही घरात एक अलिखित नियम होता: वस्तू हलवता येण्याजोगी हवी. भिंतीत खिळा मारायचा नाही. बदलीबरोबर आलेल्या देवदारी पेट्या मोडायच्या नाहीत. त्यांच्यावर चादर घालून बैठक करायची. झाडं लावायची ती डालड्याच्या डब्यात. कारण पुढच्या वर्षी साताऱ्याला जायचं होतं. हे पुढचं वर्ष जयवंती पहिलीत होती तेव्हापासून चालू होतं.

एकदा विद्याधररावांनी खरोखरच बदलीचा अर्ज दिला होता. कुमुदिनीला नुकतीच महिला कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटरची नोकरी मिळाली होती. अर्ज नामंजूर झाल्याचं सांगत ते खिन्न चेहऱ्याने घरी आले, तेव्हा तिला इतकं हलकं वाटलं की तिने शिरा केला. आज शिरा कशाला, असं त्यांनी विचारलं. रवा जुना होत चालला होता, असं तिने सांगितलं.

साताऱ्यात ती कापडदुकानवाल्यांची धाकटी सून होती. माणसं वाईट नव्हती. फक्त तिथे तिने काय करावं हे तिला विचारायच्या आधीच ठरलेलं असे. इथे तिच्याजवळ प्रयोगशाळेच्या कपाटांची किल्ली होती. मुली तिला तमिळमध्ये "मॅडम, रंग आला नाही" असं सांगत आणि ती तमिळमध्येच "येईल, घाई करू नका" असं म्हणे. कुठल्या भाषेत बोललो हे तिच्या लक्षातही राहत नसे. मला इथून जायचं नाही, हे वाक्य तिच्या मनात स्वच्छ लिहिलेलं होतं. पण ते उच्चारायची वेळ कधी आली नाही, किंवा आली तेव्हा ती चहा ठेवायला उठली.

परसातलं काम सुरू झालं ते पाण्याच्या तुटीमुळे. त्या वर्षी उन्हाळ्यात विहीर तळाला गेली. गल्लीच्या तोंडाशी पाण्याची लॉरी आली की रंगीबेरंगी प्लॅस्टिकचे कुडम, म्हणजे घागरी, रांगेत उभे राहत. डब्यांतली झाडं माना टाकू लागली. त्याच दिवसांत कॉलेजच्या वाचनालयात एका परदेशी नियतकालिकात कुमुदिनीने एक लेख वाचला. माशांच्या हौदातलं पाणी खडीच्या वाफ्यातून फिरवायचं. खडीवर वाढणारे जिवाणू माशांच्या विष्ठेतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. ते झाडं खातात आणि स्वच्छ झालेलं पाणी पुन्हा माशांकडे जातं. माती नको, रोजचं शिंपणं नको. उडून गेलं तेवढंच पाणी भरायचं.

"म्हणजे मासे हगणार आणि आपण टोमॅटो खाणार," विद्याधरराव म्हणाले.

"शेणखताला तुम्ही कधी नाक मुरडलं नाही."

"मुरडत नाहीये गं. आराखडा समजून घेतोय."

पहिली मांडणी अर्ध्या कापलेल्या पिंपांची होती. नियमाला धरून, हलवता येण्याजोगी. ती चालली, पण कुरूप दिसे, आणि पिंपाचा पत्रा उन्हात इतका तापे की पाणी कोमट होई. मासे जगवायचे तर हौद जमिनीत हवा, असं कुमुदिनीने सांगितलं. जमिनीखाली पाणी थंड राहतं.

विद्याधररावांनी हातातली कॉफी खाली ठेवली. "खोदायचं? अगं, वर्षभरात जायचंय."

"गेलो तरी राजसबाईंना राहील," ती म्हणाली. हे खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं.

राजसबाईंनी परवानगी एका अटीवर दिली. "जें करशील तें बघायास सुंदर असूं दे. माझ्या घरीं नवरात्रांत कोलूच्या बाहुल्या बघायास अस्की, सगळी मैलापूर येते. मागें बघून, हें काय सांडपाणी, असें कोणी म्हणूं नये."

म्हणून ते सुंदर झालं. विद्याधररावांनी कधी नव्हे ते सुट्ट्या घेतल्या. हौदाच्या कडेला गुडघ्याइतका ओटा बांधून त्यावर काळा कडप्पा बसवला, तिथे संध्याकाळी बसता येई. वर पायऱ्यांसारखे तीन वाफे, खडीने भरलेले. हौदातल्या कूलरच्या पंपाने पाणी सगळ्यात वरच्या वाफ्यात चढे. वाफा भरत आला की तो आपोआप रिकामा व्हावा, म्हणजे मुळांना हवाही मिळेल, असं कुमुदिनीला हवं होतं. त्यासाठी विद्याधररावांनी सायफन केला; उभ्या पाइपवर कॉफीचा एक उंच स्टीलचा तुंबलर उपडा घालून. पाणी ठरावीक उंचीला आलं की तुंबलर ते ओढून घेई, वाफा रिता होई आणि शेवटी एक मोठा ढेकर ऐकू येई. राजसबाईंना तो ढेकर फार आवडला. "जेवलां कां?" असं त्या वाफ्याला विचारत. तिसऱ्या वाफ्यातून पाणी मातीच्या पन्हळीवरून हौदात पडे, आणि त्या आवाजाने परसाला एक बोलतं माणूस मिळाल्यासारखं झालं.

मासे आणायच्या आधी कुमुदिनीने बराच काळ नुसतं पाणी फिरवलं. त्यात ती जिवाणूंना अमोनिया मिळावा म्हणून रोज चिमूटभर नवसागर घाली आणि कॉलेजातून आणलेल्या औषधाचे थेंब टाकून रंग बघे. गर्द पिवळा म्हणजे अमोनिया जास्त. विद्याधररावांना धीर निघेना. "मासे नाहीत, झाडं नाहीत, पाणी मात्र गोल फिरतंय. अगदी आमच्या हेड ऑफिसासारखं." पण एके सकाळी परीक्षानळीतलं पाणी जवळजवळ बिनरंगी राहिलं. खडीवर जिवाणू नांदायला आले होते. मग रोहूची बोटभर पिल्लं आली, कोळत्तूरहून थोडे सोनेरी मासे आले, आणि नवरात्राच्या सुमाराला वाफ्यांत टोमॅटो, पुदिना, अरैकीरै नावाची पालेभाजी आणि कडेने गुलबक्षी असं सगळं दाटून आलं. संध्याकाळी विद्याधरराव बसमधून उतरले की कपडे न बदलता आधी मागे येत. सोनेरी मासे त्यांची सावली ओळखून वर येतात, असा त्यांचा दावा होता. ते कुणाच्याही सावलीला येतात हे कुमुदिनीने पडताळून पाहिलं होतं, पण सांगितलं नाही.

दर रविवारी सकाळी राजसबाईंच्या हॉलमधला फोन वाजे. साताऱ्याहून विद्याधररावांचे थोरले भाऊ वसंतराव बोलत. राजसबाई रिसीव्हर बाजूला ठेवून अंगणातूनच ओरडत, "चार्जमन! तुमच्या राजधानीहून फोन!"

वसंतरावांनी शाहूपुरीत एका नव्या इमारतीत घर घेतलं होतं आणि शेजारचा ब्लॉक धाकट्या भावासाठी धरून ठेवला होता. मधली भिंत पाडून दार करायचं, असंही त्यांनी ठरवलं होतं. निवृत्तीनंतर विद्याधरने दुकानाच्या गल्ल्यावर बसावं. कुमुदने तरी अजून किती वर्षं त्या परीक्षानळ्या धुवायच्या? तिनेही आता नोकरी सोडावी. हे सगळं ते प्रेमाने बोलत. विद्याधरराव ऐकून घेत आणि "बघतो" म्हणत.

नवरात्र बसायच्या आदल्या रविवारी मात्र वसंतराव म्हणाले, "बघतो बघतो पुरे आता. दसऱ्याला फोन करीन तेव्हा हो किंवा नाही सांग. त्यापुढे मला बिल्डरला थोपवता यायचं नाही."

विद्याधररावांनी हे घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. कुमुदिनी तांदूळ निवडत होती. "मग?" तिने विचारलं.

"मग काय. बघू."

तिने खडे बाजूला काढले. हातातल्या सुपाएवढंच जग समोर असल्यासारखी ती निवडत राहिली. दसरा जवळ येत होता, आणि दर दिवशी आपण हे घर थोडंथोडं हातातून सोडतो आहोत असं तिला वाटत होतं. बोलायला हवं. उद्या बोलू.

आयुधपूजेच्या दिवशी, म्हणजे नवमीला, राजसबाईंना तिरुवल्लिक्केणीला बहिणीचा कोलू बघायला जायचं होतं. बरोबर कुमुदिनीला घेऊन त्या सकाळीच निघाल्या. विद्याधरराव घरी राहिले. त्यांना पूजा करायची होती. वर्कशॉपमध्ये आदल्या दिवशी सगळी यंत्रं धुऊनपुसून, चंदन-कुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून झाली होती. आता घरची हत्यारं.

पायऱ्यापायऱ्यांवर मांडलेल्या बाहुल्या बघून, चण्यांचं सुंडल आणि हळदीकुंकू घेऊन दोघी परतल्या तेव्हा दुपार कलली होती. ऑटोरिक्षा गेली. कुमुदिनीने फाटक उघडलं आणि ती थबकली.

"काय गे?" राजसबाई म्हणाल्या.

"आवाज नाही."

पन्हळीचा आवाज नव्हता. ती घराला वळसा घालून मागे धावली. चप्पल कुठे निघाली हे तिला नंतर शोधावं लागलं. हौदात सगळे रोहू वर आले होते. तोंडं पाण्याबाहेर काढून ते उघडमीट करत होते, एकमेकांना खेटून, मोठे मासे कडेला टेकलेले. पाण्यावर चुरमुरे तरंगत होते. चारदोन मासे उलटे झाले होते. दिवसभराच्या उन्हात पाणी तापलं होतं, आणि तापल्या पाण्यात प्राणवायू तसाही कमी मावतो.

पंप हौदात नव्हताच.

तो ओसरीवर होता. पाटावर लाल कापड, त्यावर ओळीने पाने, पक्कड, कानस, हातोडी, आणि मधोमध, घासून लख्ख केलेला, कोरडा, चंदनाचे पट्टे ओढलेला, कुंकवाचा मोठा टिळा लावलेला, झेंडूची माळ घातलेला पंप. समोर केळीच्या पानावर चुरमुरे, गूळ आणि चणे. बाजूला चटईवर विद्याधरराव पोटभर जेवून गाढ झोपलेले.

"अहो!"

ते उठून बसले. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि काही न विचारता हौदाकडे धावले. कडप्प्याच्या ओट्याशी ते थांबले.

"पंप का काढला?" कुमुदिनीने विचारलं. तिचा आवाज वर गेला नव्हता. वर गेला असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

"आज आयुधपूजा," ते म्हणाले. "आज यंत्राला हात लावायचा नसतो. उद्या सकाळी पुन्हा पूजा करून मग... त्याला एक दिवस विश्रांती..." बोलता बोलता त्यांना स्वतःलाच ते ऐकू आलं. "मी त्यांनाही नैवेद्य घातला. चुरमुरे."

कुमुदिनीने पुढचं ऐकलं नाही. विहिरीजवळचा हिरवा कुडम उचलून तिने हौदात बुडवला, छातीइतका उंच धरला आणि धार सोडली. पाण्यात पाणी आपटून फेस आला, फेसाखाली बुडबुडे. "उंचावरून," ती म्हणाली. "जितकं उंचावरून तितकी हवा मिसळेल. राजसबाई, तुम्ही नका..."

राजसबाईंनी कांजीवरमचा काठ कधीच कमरेला खोचला होता. "उगें रहा गे! तुझा उपदेश मागाहून." त्यांनी निळा कुडम घेतला. "चार्जमन, तुम्ही पाहत काय राहिलां? पंप आणा!"

विद्याधरराव ओसरीवर गेले आणि पाटासमोर उभे राहिले. पूजेतली वस्तू. हात पुढे झाला आणि मागे आला. इतकी वर्षं ज्या दिवशी यंत्राला शिवले नाहीत तो हा दिवस. मग त्यांनी हात जोडले, काहीतरी पुटपुटले, माळ काढून पाटावर ठेवली आणि पंप उचलला.

"कुंकू धुवा आधी!" कुमुदिनी ओरडली. "तो रंग पाण्यात जायला नको. चंदन जाळीत बसलं असेल, ब्रशने काढा!"

विहिरीच्या कट्ट्यावर बसून ते दात घासायच्या ब्रशने पंपाची जाळी घासत राहिले. इकडे दोघी बायका आळीपाळीने कुडम बुडवत, उचलत, ओतत होत्या. राजसबाई मासे मोठ्या आवाजात मोजायचा प्रयत्न करत आणि दर वेळी चुकत. कुमुदिनीच्या दंडात कळ आली, मग बधिरपणा आला. तिच्या डोक्यात फक्त एवढंच होतं की पाणी वरून पडत राहिलं पाहिजे. आणि त्याखाली, अगदी तळाशी, आणखी एक गोष्ट: हे मेले तर आपल्याजवळ इथे राहायला काय कारण उरेल? तिला स्वतःचाच राग आला. कारण मासे नव्हते. मासे कधीच कारण नव्हते.

पंप हौदात बसला. विद्याधररावांनी बटण दाबलं. पाइपमधून हवा खोकली, मग पाणी चढलं. वरचा वाफा हळूहळू भरला, तुंबलरने ओढ घेतली, आणि काही वेळाने तो ओळखीचा ढेकर आला.

"जेवला," राजसबाई म्हणाल्या आणि धापा टाकत ओट्यावर बसल्या.

उलटे झालेले परत सरळ झाले नाहीत. विद्याधररावांनी ते जाळीने काढून नारळाच्या बुडाशी पुरले. बाकीचे मात्र एकेक करून खाली उतरत होते. आधी सोनेरी, मग लहान रोहू, शेवटी मोठे. कुमुदिनीने पाण्याचा नमुना घेतला, थेंब टाकले, नळी पांढऱ्या भिंतीसमोर धरली. फिकट पिवळा. "जगतील," ती म्हणाली.

तिघांनी ओल्या कपड्यांनीच कॉफी घेतली.

मग विद्याधरराव म्हणाले, "आमचे वडील शिवणकाम करायचे. दुकान दादाने नंतर काढलं. खंडेनवमीला ते मशीनची पूजा करायचे, फुलं वाहायचे आणि लगेच तीच मशीन चालवायला बसायचे. दिवाळीचे कपडे असायचे ना. पूजा म्हणजे मशीन थांबवायची असं आमच्याकडे कधी नव्हतं."

"मग हें तुम्हांस कोणी शिकविलें?" राजसबाईंनी विचारलं.

"वर्कशॉपने. पहिल्या वर्षी मला हसू आलं होतं. एवढे सगळे लेथ गप्प, एवढे मोठे फोरमन लेथपुढे हात जोडून उभे. आणि आता..." त्यांनी तळहात पालथे करून पाहिले, नखांत चंदन राहिलं होतं. "आता पंप फिरताना दिसला तर मला पाप वाटलं असतं. कधी झालं हे?"

राजसबाई हसायला लागल्या. हसता हसता त्यांची कॉफी सांडली. "अय्यो, चार्जमन! साताऱ्याचे साताऱ्याचे म्हणतां, आणि तुम्ही तर मजहून पक्के मद्रासी झालांत! वसंतरावांस कळले तर दुकानांत घेतील कां तुम्हांस? दर आयुधपूजेला कात्री लपवून बसाल!"

विद्याधररावही हसले, पण मध्येच थांबले. राजसबाई दिवा लावायला पुढच्या घरात गेल्यावर ते ओट्यावर कुमुदिनीशेजारी बसले. परसात उन्हाचा शेवटचा तुकडा टोमॅटोवर होता.

"दुकानाच्या गल्ल्यावर मी काय करीन गं?" ते म्हणाले. "दादाला नाही म्हणायचं धाडस नाही, म्हणून बघतो म्हणत आलो. आणि तुला जायचं असेल असं धरून चाललो. तिकडे तुझं माहेर जवळ. तू कधी काही बोलली नाहीस."

"तुम्ही कधी विचारलं नाही."

हे तिने तक्रारीच्या सुरात म्हटलं नव्हतं. एखादं निरीक्षण नोंदवावं तसं म्हटलं होतं. पण या वेळी ती उठून चहा ठेवायला गेली नाही. दोघं तिथेच बसून राहिले, पाणी पडताना ऐकत.

दसऱ्याच्या सकाळी पुनःपूजा झाली. या वेळी विद्याधररावांनी पंपाला हौदात चालू असतानाच दुरून अक्षता वाहिल्या. राजसबाईंनी हे अशास्त्र असल्याचं जाहीर केलं आणि मग स्वतःही मूठभर अक्षता टाकल्या. त्या ओट्याला लागून बाहेर पडतील अशा बेताने, कारण कुमुदिनी बघत होती.

फोन नेहमीपेक्षा लवकर वाजला. "चार्जमन!" राजसबाई ओरडल्या. राजधानी वगैरे म्हणाल्या नाहीत.

विद्याधरराव हॉलमध्ये गेले. कुमुदिनीही मागोमाग गेली. एरवी ती जात नसे. कोलूच्या पायऱ्यांसमोर बाहुल्या आवरायची पेटी उघडी पडली होती. त्यांनी रिसीव्हर कानाला लावला. "नमस्कार करतो दादा. हो, सोनं घे आमचंही. वहिनी बऱ्या आहेत ना?... हो, ऐकतोय."

वसंतरावांचा आवाज तारेतून बाहेरपर्यंत येत होता. भिंत, दार, बिल्डर, दुपारपर्यंत. शब्द तुटक होते, पण माया स्पष्ट ऐकू येत होती. विद्याधररावांचा अंगठा रिसीव्हरच्या कडेवरून फिरत होता. त्यांच्या ओठांवर ते जुनं एका शब्दाचं उत्तर येऊन बसलेलं कुमुदिनीला दिसलं.

ते त्यांनी उच्चारलं नाही. "दादा, एक मिनिट थांब," असं म्हणून त्यांनी बोलण्याच्या बाजूवर तळहात ठेवला आणि तिच्याकडे वळले.

"कुमुद, तू सांग. तुला काय हवंय?"

राजसबाईंच्या हातात कागदात गुंडाळलेली एक बाहुली होती. त्या ती पेटीत ठेवायची विसरल्या. कुमुदिनीला परसातली पन्हळ ऐकू येत होती. वाक्य तयारच होतं. इतकी वर्षं तयार होतं की त्यातला एकही शब्द तिला शोधावा लागला नाही.

"मला इथून जायचं नाही," ती म्हणाली. मग तिने पुन्हा, वसंतरावांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगितलं. "दादांना सांगा, आम्ही येत नाही. आम्ही इथेच राहणार."